हप्ता न भरलेला हंगाम

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला गेले की आमच्या कोल्हापुरात दोन हंगाम एकदमच उभे राहतात. एक गुळाचा, दुसरा फुटबॉलचा. बिद्रीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते, ट्रॅक्टरवरची गाणी लांबूनच ऐकू येतात, गुऱ्हाळांचा गोडूस धूर सकाळच्या धुक्यात मिसळून शहराच्या कडेला येऊन थांबतो. आणि इकडं मैदानावर कुणीतरी चुन्याची पहिली रेघ ओढतो. हवा भरलेल्या नव्या चेंडूचा रबरी वास, बुटांच्या तळव्यांना चिकटलेली तांबडी माती, गल्लीच्या तोंडाला टांगलेल्या पेठेच्या संघाच्या रंगाच्या पताका, आणि कुठल्यातरी गच्चीवर हलगी तापवून बघणारी पोरं. ह्या दिवसांत शहराच्या अंगात येतं.

मी मात्र कान देऊन चालायला लागतो.

गेली आठ-नऊ वर्षं हे असंच चाललंय. परवा सकाळी दुकानाकडं निघालो होतो. मैदानाच्या भिंतीपलीकडं शिट्टी वाजली आणि पाठोपाठ चेंडूला बसलेल्या लाथेचा तो बोदा आवाज आला. मी स्कूटर बाजूला घेऊन थांबलो. काम काही नव्हतं. मी वाट बघत होतो, त्या आवाजानंतर कुणाचं ओरडणं येतंय का याची. ते आलं नाही. पोरी हसल्या, चेंडू पुन्हा वाजला. मग मी पुढं गेलो. ही वाट बघायची सवय मला एका हंगामानं लावली, आणि त्या हंगामाबद्दल मी अगदी आत्तापर्यंत कुणाजवळ बोललो नव्हतो. बोलण्याचा माझा पिंडच नाही. तुमच्याकडनं शब्द काढायचा म्हणजे खोल विहिरीतनं पोहरा ओढायचा, असं बायको म्हणते. ती चांगल्या मनानं म्हणते. तिला वाटतं, विहिरीत पाणी आहे.

मी आमच्या क्रीडा मंडळाचा खजिनदार आहे. मंडळाचं नाव इथं घालत नाही. ते अजून आहे, चांगलं चाललंय, आणि त्याचा ह्यात दोष नाही. गल्लीतली आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं-पोरी आमच्याकडं फुकट फुटबॉल शिकतात. मैदानाचं भाडं, चेंडू, बूट, सामन्याच्या दिवशीची केळी आणि उकडलेली अंडी, बाहेरगावी जायचा एसटीचा खर्च, आणि सगळ्या खेळाडूंचा वर्षाचा अपघात विमा, हे सगळं देणग्यांवर चालतं. फुटबॉलवर जीव टाकणारं गाव असल्यानं देणग्या येतात. त्या कशा येतात ते नीट सांगायला हवं, कारण माझं गाडं तिथंच रुतलं.

आमच्याकडं देणगी मागत नसत. ती पुकारली जायची. सामना ऐन रंगात असताना निवेदक मध्येच खेळ सोडून सांगायचा, की आत्ताच आपल्यात हजर असलेल्या अमुक साहेबांनी संघाला इतकी इतकी रक्कम जाहीर केलेली आहे. टाळ्या पडायच्या, हलगीचा एक तुकडा वाजायचा. आमचे अध्यक्ष तात्या, एकेकाळचे नावाजलेले खेळाडू, गुडघे गेलेले पण आवाज शाबूत, स्वतः उठून त्या माणसाला फेटा बांधायचे, नारळ द्यायचे. आणि माइकच्या टेबलाशी बसलेला मी त्याच क्षणी पावती फाडून त्याच्या हातात ठेवायचो. पैसे मागाहून यायचे. चार दिवसांनी, पंधरवड्यानं, कधी दुकानातल्या गड्याच्या हातून, पण यायचे. नव्यानंच आलेल्या एका कार्यकर्त्यानं एकदा विचारलं होतं, की पैसे हातात पडायच्या आधी पावती कशी काय. तात्यांनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू त्यानं चेंडू हातानं अडवलाय.

"चारचौघांत माणूस बोलला म्हंजे दिलं त्यानं," ते म्हणाले. "आता त्याच्या मागं हात पसरून फिरायचं व्हय?"

मलाही त्यात वावगं दिसायचं नाही, कारण मी गुळात वाढलेला माणूस. शाहूपुरीतल्या एका अडत दुकानात दिवाणजी आहे. सौद्याच्या वेळी गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्यांमधनं व्यापाऱ्यांचा घोळका फिरतो. कुणी नखानं कण काढून जिभेवर ठेवतो, कुणी रंग बघतो, आणि भाव पुकारला जातो. तोंडातनं आकडा निघाला की विषय संपला. सही नाही, शिक्का नाही. त्या आकड्यावर माणसं घरी जाऊन पुढची कामं ठरवतात. बोललेला आकडा फिरवणारा माणूस माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिला नाही. त्यामुळं बोललेले पैसे आणि आलेले पैसे यांत मला कधी फरक करावा लागला नव्हता. माझ्या डोक्यात ते एकाच खणात पडायचे.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्याच सामन्याला एका शेठनी माइकवर देणगी जाहीर केली. बांधकामातला मोठा माणूस, आणि मनानंही मोठा. रक्कम एवढी, की सगळ्या पोरापोरींचा विमा भागून वर आणखी चेंडू आले असते. तात्यांचे डोळे भरून आले. मी पावती फाडली. आणि त्या भरवशावर, पेटीत होते तेवढे पैसे बूट, मैदान आणि गाडीखर्चात घालवून मोकळा झालो. विम्याचा हप्ता शेठच्या पैशातनं भरायचा असं ठरवून टाकलं. ठरवणारा मी एकटाच. जुन्या विम्याची मुदत त्याच सुमाराला संपत होती. ती संपली. शेठचे पैसे आले नव्हते.

मागायला मी गेलोच नाही असं नाही. एकदा गेलो. शेठनी केबिनच्या दारातनंच हाताला धरून आत नेलं. आधी हे बघा म्हणाले. भिंतीवर त्यांच्या वडिलांच्या फोटोशेजारी माझ्या अक्षरातली पावती फ्रेम करून टांगलेली होती. हार घालायचा तेवढा राहिला होता.

"येणारी-जाणारी वाचत्यात," ते म्हणाले. "आईशप्पथ, बंगला बांधला तवा एवढं बरं वाटलं न्हवतं."

मग तासभर ते फुटबॉलवर बोलले. लहानपणी अनवाणी कसे खेळलो, अंगठ्याचं नख कसं उपसून आलं होतं, आईनं कशी हळद भरली. त्यांच्या मनानं त्यांनी पैसे कधीच दिलेले होते. हाताखालच्या कुणाला सांगितलं असेल, तो विसरला असेल. फसवायचं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण पैसे मिळाले असं लिहून, खाली सही करून मीच दिलेलं, आणि त्या सहीखाली बसून पैसे मिळाले नाहीत हे मला म्हणता येईना. एक चहा घेतला. दुसरा घेतला. जिन्यात येऊन तोंडावरचा घाम पुसला आणि खाली उतरलो.

पदरचे का भरले नाहीत, असं वाचणाऱ्याच्या मनात येईल. येऊ दे. भरू शकलो असतो. मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेली ठेव होती. ती मोडायची तर बायकोला सांगावं लागलं असतं, आणि बायकोला सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. तात्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी खेळ बंद केला असता, आणि दिवाणजी चुकला हे गल्लीला कळलं असतं. गुळाच्या पेठेत ज्याचा हिशेब चुकतो त्याला कुणी वाईट बोलत नाही. नुसतं त्याच्याशी जपून बोलायला लागतात. त्या जपून बोलण्याला मी भ्यालो. येत्या आठवड्यात येतील पैसे, असं म्हणत राहिलो, आणि पोरं तशीच विम्याविना उघडी खेळत राहिली.

एवढंच असतं तर तिला चूक म्हणता आलं असतं. माझ्या हातून जे झालं ते त्याच्या पुढचं, आणि ते एका वाक्यात झालं.

तेजू आमची गोलकीपर. वय पंधरा, अंगानं काटक, हात लांब. बिद्रीच्या रस्त्यावरच्या एका गावातनं एसटीनं यायची. तिची आई, शालनवहिनी, गावात ब्लाऊज शिवायची. एके दिवशी ती पोरीबरोबर स्वतःच आली आणि मैदानाच्या पायरीवर पदर आवळून बसली. पोरीची जात, उद्या लग्नाचं बघायचं, तोंडाबिंडाला लागलं तर काय करायचं, हात मोडला तर दवाखान्याचं कुठनं आणायचं, असं तिचं चाललेलं. तेजू मान खाली घालून मोज्याचा सुटलेला धागा ओढत होती. तात्या हसले आणि पैशाचं ते दिवाणजींना विचारा म्हणाले. बाई माझ्याकडं वळली.

"दादा, तुमी सांगा. पोरगी पडली-झडली तर मागं काय हाय का?"

"विमा हाय की, वहिनी," मी म्हणालो. "निर्धास्त ऱ्हावा."

मुदत संपून तेव्हा आठवडा उलटला होता. मला ते माहीत होतं. माझा आवाज हलला नाही. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाचा हाच फायदा असतो, तो बोलला की लोकांना खरं वाटतं. तिच्या कपाळावरची शीर सैल झालेली मी बघितली. ती उठली, पोरीच्या पाठीत एक थाप घातली आणि स्टँडकडं चालायला लागली.

त्या दिवसापासनं मी फुटबॉल बघितला नाही. मी गुडघे बघितले. नडग्या, घोटे, मनगटं बघितली. चेंडू एकीकडं असायचा आणि माझी नजर भलतीकडं, दोन पोरी एकमेकींवर धावून येतायत तिथं. उडी मारलेलं पोर हवेत असायचं तेवढा वेळ माझा श्वास छातीतच अडकलेला असायचा, त्याचे पाय जमिनीला लागले की सुटायचा. एका सामन्यात असा किती वेळा तो अडकायचा-सुटायचा कुणास ठाऊक. घरी यायचो तेव्हा स्वतःच खेळून आल्यासारखा दमलेलो असायचो. आमच्या पोरींनी गोल केला की सगळं मैदान उठायचं, मीही उठायचो. पण माझे डोळे मात्र गोल घातलेल्या पोरीच्या अंगावर बाकीच्या पोरींनी जो ढीग घातलेला असायचा त्यात खालच्या पोरीचा हात कुठं आहे ते शोधत असायचे.

मैदान सुटलं तरी ते सुटत नव्हतं. दुकानात एका सकाळी हमालाच्या खांद्यावरनं रवा निसटला आणि फरशीवर पडला. नुसता गुळाचा रवा. पण तो जो भरीव, ओला आवाज झाला त्यानं माझ्या हातातलं पेन गळून पडलं. शेजारचा म्हणाला, गूळ फुटला तर एवढं काय दिवाणजी, काला करून खाऊ. सगळे हसले. एसटीत प्लास्टर घातलेला कुणी दिसला की मी उठून त्याला जागा द्यायचो आणि पुढच्या स्टॉपला उतरून जायचो. ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकला की ती कुठल्या दिशेला वळतेय ते बघायचो. मैदानाच्या दिशेला वळली तर हातातलं काम तिथंच राहायचं. फोनवर तात्यांचं नाव दिसलं की मी तो लगेच उचलायचो नाही. रिंग संपेपर्यंत जेवढा वेळ मिळायचा, तेवढ्यात काही घडलेलं नसायचं.

भीती अशी असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, भीती कशाची तरी असते, समोर काहीतरी उभं असतं. ही तशी नव्हती. ती पोरांच्या आनंदातच भरून राहिलेली. पोरं जेवढी मोकळी, जेवढी बिनधास्त, तेवढी ती मोठी व्हायची. एखादी पोर घाबरून खेळताना दिसली की मला बरं वाटायचं. पोरापोरींना निडर करायला काढलेल्या मंडळाचा खजिनदार त्यांनी भ्यावं म्हणून मनातनं धडपडत होता.

एका पौर्णिमेला नृसिंहवाडीला गेलो. घाटावर गर्दी होती, पादुकांसमोर रांग होती, कुणाला नोकरी हवी होती, कुणाला मूल. माझी पाळी आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी देवाकडं काही द्यायला सांगत नाहीये. हंगाम संपेपर्यंत कुणी पडू नये, एवढंच. संघ हरू दे, पहिल्या फेरीत बाहेर जाऊ दे, म्हणजे सामने तरी कमी होतील. हेही मागितलं, खरं सांगायचं तर हेच जास्त मनापासनं मागितलं. वर येऊन पायरीवर बसलो. खाली संगमात गावातली पोरं काठावरनं उड्या टाकत होती. एकजण पाण्यात गेला आणि वर यायला त्यानं नको तेवढा वेळ लावला. मी अर्धा उठलो. तो लांब जाऊन वर आला आणि दात काढून हसला. बासुंदीचा डबा घेऊन मी तसाच परत आलो.

आमच्या पोरी त्या वर्षी हरल्या नाहीत. सेमीफायनलपर्यंत गेल्या.

त्या दुपारचं ऊन मला आठवतं. पाणी मारलेलं मैदान वरनं सुकून खापरासारखं झालेलं. हलगी सारखी वाजत होती. समोरच्या संघाची एक धिप्पाड पोर चेंडू घेऊन एकटीच आत घुसली आणि तेजू गोल सोडून पुढं आली, खाली झेपावली. चेंडू तिनं धरला. पाठोपाठ तिच्या तोंडावर त्या पोरीचा गुडघा आला. आवाज टेबलापर्यंत आला. हलगी थांबली. तेजू चेंडूला मिठी मारून पालथी पडली होती आणि हलत नव्हती.

आता जे लिहिणार आहे, ते गेल्या महिन्यापर्यंत मी स्वतःलाही नीट शब्दांत सांगितलं नव्हतं. ती पडल्यावर पहिला विचार माझ्या मनात तिचा आला नाही. आता कळणार, हा आला. तिची आई, तात्या, शेठ, गल्ली, बायको, सगळ्यांना कळणार. पोर जिवंत आहे का, हे त्याच्यानंतर आलं. किती नंतर, ते मोजायला माझ्याकडं काही नाही, पण नंतर. तात्या गेलेले गुडघे घेऊन पळत मैदानात पोचले होते आणि मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, त्यांच्याकडं बघत, काय सांगायचं ते जुळवत.

तेजू उठली. हनुवटी फाटली होती, ओठ सुजला होता. तिनं रक्त थुंकलं, हातमोजे एकमेकांवर आपटले आणि चेंडू लांब भिरकावला. मैदान वेडं झालं. मी खुर्चीच्या मागं जाऊन ओकलो. ऊन लागलं, असं लोकांना वाटलं, कुणीतरी सरबत आणून दिलं.

पेठेतल्या डॉक्टरांनी हनुवटीला टाके घातले. त्यांचे आणि औषधांचे पैसे मी खिशातनं दिले, आणि शालनवहिनी धावत आली तेव्हा तिला सांगितलं, की काही काळजी करू नका, सगळं विम्यात बसलं. पहिलं खोटं भीतीनं बोललो होतो. दुसरं सवयीनं बोललो.

आणि मग जे घडलं ते माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं. शालनवहिनीनं गावात जाऊन सांगितलं. डेअरीवर, गिरणीत, ब्लाऊज टाकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं. पोरीला एवढं लागलं पण एक पैसा गेला न्हाय, दिवाणजी देवमाणूस हाय, बिनघोर पाठवा पोरीस्नी. पुढच्या रविवारी तिच्या मागनं गावातल्या आणि शेजारच्या गावच्या पोरींची रांगच मैदानात उतरली. तेलानं चापून बसवलेल्या वेण्या, भावांचे ढगळ शर्ट. तात्या मला कोपरानं ढोसून म्हणाले, बघ की, तुझ्या विम्यानं काय केलं ते. मी त्या पोरींकडं बघत होतो आणि मला नडग्या दिसत होत्या, घोटे दिसत होते, मनगटं दिसत होती. माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून आलेली हाडं, एकामागं एक.

त्या हंगामात पुढं कुणाला काही झालं नाही.

हे वाक्य लिहायला सोपं आहे. सगळेच ते सहज म्हणतात, झालं नाही ना काही, मग. उन्हाळा लागला, मैदान रिकामं पडलं, आणि पावसाच्या तोंडाला शेठच्या ऑफिसातनं माणूस पैसे घेऊन आला, उशीर झाला म्हणून माफी मागून गेला. मी त्याच दुपारी विमा भरला. एकही पोर मैदानात नसताना भरला. वार्षिक सभेत तात्यांनी मला शाल घातली. नंतरच्या हंगामापासनं, पैसे हातात पडल्याशिवाय पावती द्यायची नाही असा मी हट्ट धरला. दिवाणजी म्हातारा झाला, कंजूष झाला, असं तात्या चारचौघांत म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांना सांगायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. त्यांना सांगायचं मी टाळलं.

काही झालं नाही, पण माझ्यापुरता तो हंगाम संपलाही नाही. एखादी गोष्ट घडली की तिचं काहीतरी करता येतं, माणूस रडतो, भरपाई देतो, शिक्षा भोगतो. न घडलेल्या गोष्टीचं काय करायचं? ती पडूनच राहते. तेजूचा गुडघ्यानं फुटलेला चेहरा जसा होता तसा मला आठवत नाही, तो मला त्याहून वाईट आठवतो. डोळ्याला लागलेला, मानेला लागलेला. जे झालं नाही ते सगळं मी एवढी वर्षं बघत आलोय.

तेजू आता आमच्या पोरींना शिकवते. हनुवटीवर बारीक रेघ राहिलीय. यंदा हंगामाच्या तोंडाला तिनं नव्या पोरींच्या आयांना रविवारी मैदानावर बोलावलं होतं. मलाही बोलावलं. "खेळाचं मी बोलतो की, काका," ती म्हणाली. "तुमी नुसतं उभं ऱ्हावा. बायकांचा तुमच्यावर इस्वास हाय." कोवळं ऊन होतं. बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या, शालनवहिनीही पोरीचं कौतुक बघायला येऊन मागं बसली होती. बोलणं संपत आलं आणि समोरची एक तरुण बाई, मांडीवर लेकीची पिशवी घेऊन बसलेली, म्हणाली, की ते सगळं खरं, पण पोरगी पडली तर?

तेजूनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

यंदाचा विमा भरलेला होता. मला फक्त आहे म्हणायचं होतं, आणि ते खरं होतं. पण वाक्य तेच होतं, शब्दाला शब्द तेच, आणि ते जिभेवर आलं तसं माझं तोंड उघडेना. मग मी सांगितलं. यंदा आहे, आणि ज्या साली तेजूची हनुवटी फुटली त्या साली नव्हता. शालनवहिनींनी विचारलं तेव्हा मला ते माहीत होतं. मी आहे म्हणालो. उभ्यानं, जेवढं इथं लिहिलंय त्याच्या निम्मंही नसेल, पण सांगितलं. पोर पडल्यावर पहिल्यांदा मनात काय आलं तेही सांगितलं.

ती तरुण बाई उठली, लेकीचं मनगट धरलं आणि गेटातनं बाहेर पडली. तेजू माझ्याकडं न बघता मैदानात गेली आणि सरावाच्या ज्या प्लास्टिकच्या खुणा आधीच नीट मांडल्या होत्या त्या उचलून पुन्हा मांडायला लागली. बायका एकेक करून उतरल्या. शालनवहिनी तेवढी बसून राहिली. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. शिव्या देईल असं वाटत होतं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माझ्या पोरीचं सोडा," ती म्हणाली. "मी दारादारांत जाऊन सांगितलंया त्या साली. इमा हाय, पाठवा पोरीस्नी. माझ्या तोंडानं सांगितलंया. त्या बायकांस्नी आता काय सांगू?"

मी सांगतो, म्हणालो.

"तुमी एकटं न्हाय. चला."

एसटीत आम्ही एका बाकावर बसलो नाही. ती पुढं, मी मागं. बाहेर उसाच्या ट्रॉल्या, तीच गाणी, तोच धूर. मैदानावर एवढी वर्षं जी भीती बाळगली ती माझ्या ओळखीची झाली होती, तिच्याबरोबर मी जेवत होतो, झोपत होतो. ही दुसरी होती. हिला दार होतं, आणि दाराला कडी.

पहिलं घर गिरिजाक्काचं. ती कर्नाटकच्या सीमेकडची, त्यामुळं सगळं गाव तिला अक्का म्हणतं. त्या साली तिची थोरली आमच्याकडं खेळली, आता धाकटी येते. शालनवहिनी दारातनंच म्हणाली, अक्का, दिवाणजी आलेत, त्यांचं ऐकून घे, आणि मग माझंबी ऐक. मी सोप्यात उभा राहून सांगितलं. शालनवहिनीनंही तिच्या वाटणीचं सांगितलं. अक्का ताकाचं भांडं हातात घेऊन ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

"आणि आता?" तिनं विचारलं. "धाकटीचा भरलाय?"

भरलाय, म्हणालो.

"दाखवा."

माझ्या साऱ्या आयुष्यात मला कुणी दाखवा म्हणालं नव्हतं. पेठेत नाही, मंडळात नाही, घरात नाही. मी फोन काढला. विम्याचा कागद त्यात होता, खाली पोरींची नावं होती, इंग्रजीत. धाकटी पुढं आली, आई मी वाचतो म्हणाली. अक्कानं तिला हातानं मागं सारलं, फोन स्वतःकडं घेतला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं. अक्षरं लावत लावत ती वाचायला लागली. धाकटीचं नाव त्यात होतं. मी स्वतः घातलं होतं, दोनदा तपासलं होतं. तरी तिचं बोट एकेका ओळीवरनं खाली सरकत होतं तसतसं ते नाव मीही समोरनं उलटी अक्षरं लावत शोधत गेलो. बसा असं कुणी म्हणालं नाही. बोट थांबेपर्यंत मी उभाच होतो.